आखूड पडदे

मुलांच्या खोलीतल्या निळ्या पडद्यांना खालून पिवळी पट्टी आहे. येणारे-जाणारे म्हणतात, "काय सुंदर कल्पना आहे!" मग बायको माझ्याकडे बघते, आई छताकडे बघते आणि मी विषय बदलतो. कल्पनाबिल्पना काही नाही, ते ठिगळ आहे.

माप मी अगदी चोख घेतलं होतं. (दिवसभर ऑफिसात ताळेबंद जुळवतो, एवढं तरी जमायला हवं.) खिडकी ४ फूट रुंद, म्हणून कापड ८ फूट. पडद्याला दुप्पट कापड नसेल तर चुण्या पडत नाहीत, दोरीवर चादर वाळत घातल्यासारखं दिसतं. लांबी खिडकीच्या चौकटीपासून नाही, दांडीपासून जमिनीपर्यंत मोजली. वरच्या नेफ्याचं आणि खालच्या दुमडीचं कापड वेगळं धरलं. सगळं वहीत लिहिलं. आई पलंगावरून एवढंच म्हणाली, "आधी कापड भिजवून घे." मी "हो हो" म्हटलं आणि कात्री चालवली.

सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला ३ ते ५ सहज आटतं, आणि जास्त करून उभ्या धाग्यात. मागावर तोच धागा ताणून धरलेला असतो. पाणी लागलं की ताण सुटतो. माझा पडदा ८४ इंची. हे गणित मला करता आलं नसतं असं नाही. महिन्याभराने पडदे धुतले, वाळवले, परत लावले, तर उंची वाढलेल्या मुलाच्या पँटीसारखे चार बोटं वर! आई "मी सांगितलं होतं" असं कधी म्हणत नाही. ती नुसती टेप गुंडाळत बसते.

मग उसवायला घेतलं. शिवण्याबद्दल सगळे बोलतात, पण माझा निम्मा रविवार उसवण्यात जातो. आईची पद्धत अशी: एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापायचा आणि दुसऱ्या बाजूने अख्खा दोरा ओढायचा. शिवण सर्रकन मोकळी होते. चूक माझीच असली तरी तो आवाज मला आवडतो. नुसती चार बोटांची पट्टी जोडली असती तर चूक चुकीसारखीच दिसली असती, म्हणून खालचं निळं कापड चांगलं वीतभर कापून टाकलं आणि त्या जागी फूटभर रुंद पिवळं जोडलं.

पट्टीला टाचण्या लावत होतो तेवढ्यात लेक आली.

"बाबा, याला खिसा कर ना."

"पडद्याला खिसा कशाला?"

"शर्टाला कशाला असतो?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती जमिनीवर बसून, पडद्याशेजारच्या भिंतीला पाठ लावून वाचते. तिला बसवलं, हात कुठे पोचतो तिथे खडूने खूण केली आणि खिसा लावला. आता त्यात पेन्सिलचा तुकडा, दोन गोट्या, एक केसांची क्लिप आणि घडी घातलेली एक चिठ्ठी आहे. चिठ्ठी वाचायची नाही, असं बजावलंय. वजनाने पडदा त्या बाजूला जरा ओढला जातो. तो सरळ करायचा विचार मी सोडून दिलाय.

घरी शिवण्यात मला मजा येते ती इथे. तयार पडदा माझ्यापेक्षा सुबक असणारच, त्याबद्दल वादच नाही. पण आमच्या मुलीचा हात बसल्या जागेवरून कुठवर पोचतो, हे त्या कारखान्याला कुठून कळणार? बायको डावखुरी आहे. तिच्या ॲप्रनला खिसा डावीकडे आहे आणि कात्री अडकवायचं बंदही. इतकी वर्षं ती उजवीकडच्या खिशात डावा हात घालत होती, हे मला शिवायला बसेपर्यंत दिसलंच नव्हतं.

मुलाचं वेगळंच. त्याला कपड्याच्या आतली शिवण टोचते. लेबल तर पहिल्याच दिवशी कापावं लागतं. त्याच्यासाठी मी फ्रेंच शिवण शिकलो: आधी कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून अगदी कडेने टीप मारायची, कडा छाटायच्या, मग कापड उलटून सुलट्या बाजू आत घ्यायच्या आणि दुसरी टीप मारायची. दोरे निघालेली कड आतल्या आत बंद होते. कापडही जास्त लागतं आणि वेळही दुप्पट. पण पहिला पायजमा घातल्यावर त्याने आत हात फिरवून बघितलं आणि काहीही न बोलता खेळायला पळाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

त्या पायजम्याच्या वेळी आईने विचारलं होतं, "माया किती सोडलीस?" आत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणणारा पहिला शिंपी कोण होता कोण जाणे, माणूस मोठा असणार. मी पायाशी दोन इंच सोडली होती. सहा महिन्यांत ती उलगडावी लागली. दुमडीच्या आतलं कापड न विटलेलं, गडद निळं. त्याच्या वर जुन्या घडीची पांढुरकी रेघ. इस्त्रीने ती जात नाही. पोरगा किती वाढला ते त्या रेघेखाली मोजता येतं.

मशीन आईचं आहे, माझ्याहून वयाने मोठं. त्याचे सगळे आवाज तिला पाठ आहेत. एकदा उशीचा अभ्रा शिवताना कापडाखाली दोऱ्याचं नुसतं घरटं होत होतं. गुंता खाली म्हणजे दोष बॉबिनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाचा, असं धरून मी तासभर बॉबिनशी झटापट केली. आतल्या खोलीतून आई म्हणाली, "वरचा दोरा बघ. फूट खाली ठेवून ओवलायस." तसंच निघालं. कापड दाबून धरणारा फूट खाली असला की वरचा दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या राहतात. दोरा त्यांच्यामध्ये न बसता वरून निसटतो, ढिला पडतो आणि खाली वेटोळी होतात. न बघता हे तिला कसं कळलं? "आवाज मोकळा येत होता," म्हणाली.

मुलाला या मशीनचं चाक फिरवायला आवडतं. हातसुईचं भोक मागच्या टोकाला आणि मशीनच्या सुईचं पुढे टोकाशी, असं का, हे त्यानेच विचारलं. चाक हळूहळू फिरवून दाखवलं. सुई खाली जाते आणि किंचित वर येते, तेव्हा दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. खालचा आकडा (हुक) तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवतो आणि वरचा दोरा खालच्यात अडकतो. भोक मागे असतं तर अख्खी सुईच कापडातून पार घालावी लागली असती. अशी टोकाला भोक असलेली सुई आणि दोन दोऱ्यांचा अडकवलेला टाका असलेल्या मशीनचं पेटंट अमेरिकेत एलायस हाउ यांना १८४६ साली मिळालं, हेही सांगून टाकलं. त्यात त्याला रस नव्हता. फास मात्र त्याने अकरा वेळा बघितला.

आता आईच्या पलंगासाठी नवे अभ्रे करायचे आहेत. तिला पातळ, कडक उशी लागते, अभ्रा जरा घट्ट बसलेला, आणि चष्मा ठेवायला बाजूला एक कप्पा. कप्पा तिने मागितला नाही. पडद्याच्या खिशाकडे दोन-तीनदा बघताना मी तिला पाहिलं.

कापड सकाळपासून बादलीत भिजतंय. आई दोनदा उठून बघून गेली.