जीपी रेटिंगची तोंडी परीक्षा आणि कुलूपबंद मॉडेल : माझा अनुभव

परभणी-हिंगोलीकडून मर्चंट नेव्हीच्या जीपी रेटिंग (जनरल पर्पज रेटिंग, म्हणजे जहाजावरची सर्वसाधारण कामे करणारा खलाशी) अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलांसाठी हे लिहीत आहे. प्रवेश, वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा सुरळीत पार पडली. अडले ते तोंडी परीक्षेच्या जहाजी शब्दांपाशी.

संस्थेने शब्दांची छापील यादी दिली, पण तिच्यात आकृती एकही नव्हती. ज्याने समुद्रच पाहिलेला नाही त्याला 'बोलार्ड', 'फेअरलीड' आणि 'विंडलास' यांची एकेका ओळीची व्याख्या पाठ करून काय उमगणार? जहाजाचे मोठे मॉडेल संस्थेत होते, परंतु ती खोली कायम कुलूपबंद असे. कार्यालयात गेलो की प्रशिक्षकांची सही मागत, आणि प्रशिक्षक आधी कार्यालयात अर्ज करा म्हणत. परीक्षा तोंडावर आलेली असताना या फेऱ्यांत गेलेल्या संध्याकाळी आठवल्या की आजही संताप येतो, कारण ते मॉडेल आमच्यासाठीच ठेवलेले होते. शेवटी एका प्रशिक्षकांनी स्वतः किल्ली आणून खोली उघडली, आणि यादीतले शब्द एकमेकांना जोडले गेले : जहाज बांधायचा दोर बोलार्डला, म्हणजे जाड खुंटाला, गुंडाळलेला असतो, तो फेअरलीडमधून, म्हणजे दोराला वाट देणाऱ्या खाचेतून, धक्क्याकडे वळतो, आणि नांगराची साखळी विंडलास हे यंत्र ओढून घेते. जोडीतला डावा बैल आपण समोर उभे राहिलो तरी डावाच राहतो, तसे 'पोर्ट' म्हणजे नाळेकडे (जहाजाच्या पुढच्या टोकाकडे) तोंड केल्यावरची डावी बाजू, मग आपण कुठेही उभे असू. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच मॉडेल पाहण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

परीक्षकांनी मला जहाजाच्या दोन्ही बाजूंचे दिवे विचारले. पोर्टला लाल, स्टारबोर्डला, म्हणजे उजव्या बाजूला, हिरवा, आणि प्रत्येक दिवा थेट समोरपासून आपल्या बाजूला 112.5 अंशांपर्यंत दिसतो, हे मी न अडखळता सांगितले, याचा मला अभिमान वाटतो.

आणखी एक आठवले. सुकाणूचा हुकूम मिळाला की आधी तो मोठ्याने जसाच्या तसा उच्चारायचा आणि मग चक्र फिरवायचे. 'पोर्ट टेन' म्हणजे सुकाणू दहा अंश डावीकडे. जुन्या वर्णनांत मात्र हुकूम उलटे सापडतात : 1912 साली 'टायटॅनिक'वर 'हार्ड अ स्टारबोर्ड' म्हटल्यावर जहाज डावीकडे वळले, कारण तेव्हाचे हुकूम सुकाणूच्या दांड्याच्या दिशेने दिले जात, आणि दांडा उजवीकडे नेला की जहाज डावीकडे वळते. तोंडी परीक्षेत आजचाच अर्थ सांगावा.