चॅनलची जुनी आठवण किती ठेवायची

ओएफडीएम, म्हणजे माहिती शेजारशेजारच्या अनेक फ्रीक्वेन्सींवर (सबकॅरियरवर) वाटून पाठवायची रेडिओ पद्धत; तिचा रिसीव्हर कागदावर फार सुटसुटीत दिसतो. 1971 साली वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी डीएफटीनं (सिग्नल फ्रीक्वेन्सींमध्ये सुटा करणाऱ्या गणितानं) असं मल्टिकॅरियर मॉड्युलेशन करता येतं हे दाखवलं, 1980 साली पेलेद आणि रुइझ यांनी सायक्लिक प्रिफिक्स (प्रत्येक सिम्बॉलचा, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या तुकड्याचा, शेवटचा भाग त्याच्याच आधी जोडणं) आणला, आणि इक्वलायझर, म्हणजे चॅनलनं (सिग्नलच्या हवेतल्या वाटेनं) केलेला बदल काढून टाकणारा भाग, प्रत्येक सबकॅरियरला एका कॉम्प्लेक्स संख्येनं भागण्याइतका सोपा झाला. पण चॅनलनं त्या सबकॅरियरची ताकद आणि फेज किती बदलली हे सांगणारी ती संख्या सतत बदलत असते. माझा सगळा वेळ तिच्याच मागे जातो.

सध्या माझ्या सिम्युलेशनमध्ये एलटीईचेच (4जी मोबाइलचेच) आकडे आहेत: 20 मेगाहर्ट्झ, 15 किलोहर्ट्झ अंतरावर 1200 सबकॅरियर, प्रिफिक्स धरून साधारण 71 मायक्रोसेकंदांचा सिम्बॉल. कॅरियर 2 गिगाहर्ट्झ, गाडीचा वेग ताशी 120 किलोमीटर. म्हणजे डॉप्लर (वेगामुळे फ्रीक्वेन्सीत पडणारा फरक) सुमारे 222 हर्ट्झ, आणि चॅनल दोनेक मिलिसेकंदांत ओळखू न येण्याइतका बदलतो. चॅनलचा अंदाज मी आरएलएस अल्गोरिदमनं काढते; त्यात जुन्या मोजमापांचं वजन दर सिम्बॉलला कमी करणारा फॉरगेटिंग फॅक्टर 0.99 ठेवला तर अल्गोरिदम अंदाजे 100 सिम्बॉल लक्षात ठेवतो. ते झाले सात मिलिसेकंद!

याचा फटका सरासरी एररच्या आलेखात नीट कळत नाही, म्हणून मी एकेक सबकॅरियर सुटा काढून बघते. खोल फेडमधून, म्हणजे सिग्नल जवळजवळ नाहीसा होतो अशा जागेतून, जाताना चॅनलचा अँप्लिट्यूड खाली जातो आणि फेज काही सिम्बॉलांतच जवळजवळ 180 अंशांनी फिरते. अंदाज मात्र अजून जुन्याच दिशेला असतो. क्यूपीएसकेचे (चार फेजांत माहिती भरणाऱ्या पद्धतीचे) चारही ठिपके भलत्याच चतुर्थांशात जाऊन बसतात, आणि नेमकं तिथंच सिग्नल सगळ्यात अशक्त असतो.

फॅक्टर 0.9 केला की आठवण 10 सिम्बॉलांवर येते आणि फेज वेळेवर पकडली जाते. पण अंदाजातला नॉईज दहापट वाढतो. इथं बरेच जण मधला काहीतरी फॅक्टर निवडून पुढं जातात. मला ते पटत नाही, कारण नॉईज कमी करायला भूतकाळच लागतो असं नाही. चॅनलचा इम्पल्स रिस्पॉन्स (एका क्षणिक सिग्नलचे मागून येणारे सगळे प्रतिध्वनी) प्रिफिक्सच्या आत, म्हणजे 2048च्या एफएफटीत (डीएफटीच्या झटपट रूपात) 144 सँपलमध्ये मावतो. मग 1200 सुट्या संख्या कशाला शोधायच्या? सगळ्या सबकॅरियरवर पायलट (रिसीव्हरला आधीच माहीत असलेले सिम्बॉल) असतील, तर अंदाज टाइम डोमेनमध्ये नेऊन 144 टॅपांपलीकडचं (सँपलांपलीकडचं) सगळं शून्य केलं की नॉईज आठपटीच्या आसपास उतरतो. काळाच्या बाजूनं जे गमावलं, त्यातलं बहुतेक फ्रीक्वेन्सीच्या बाजूनं परत मिळतं, आणि फेजही हातची जात नाही. हे पहिल्यांदा आलेखावर दिसलं तेव्हा मी किती तरी वेळ तोच आलेख बघत बसले होते.

अर्थात चालत्या माणसाचा डॉप्लर याच कॅरियरवर पाच-सहा हर्ट्झच असतो, आणि तिथं 0.99च योग्य. म्हणून आता लागोपाठच्या पायलटांच्या कोरिलेशनवरून (सारखेपणावरून) आधी डॉप्लर काढायचा आणि फॅक्टर त्यावरून ठरवायचा, असं काम सुरू केलं आहे. गाडी एकदम थांबली तर काय, हा भाग अजून सुटायचा आहे.