गेम ओव्हर कुठे गेलं?

परवा रात्री बऱ्याच दिवसांनी एक नवा गेम खेळायला बसलो, हातात जेमतेम तासभर होता. आधी अपडेट, मग लॉगिन, मग कुठल्यातरी सीझनची (म्हणजे ठरावीक दिवसांपुरत्या नव्या वस्तू आणि बक्षिसं) जाहिरात, मग आजचं बक्षीस, मग कालचं राहिलेलं बक्षीस, मग ट्युटोरियल, ज्यात मला पुढे कसं चालायचं ते शिकवलं (अरे बाबा, मी लहानपणापासून गेममध्ये चालतोय), आणि खरा खेळ सुरू व्हायच्या आत मला जांभया यायला लागल्या. बंद केला आणि जुना मारिओ लावला. स्टार्ट दाबलं, पळालो, दुसऱ्या मिनिटाला खड्ड्यात पडून मेलो. इतकं बरं वाटलं ना.

आता हा "जुनं ते सोनं" म्हणणार असं वाटत असेल तर थांबा, तसं नाहीये. मी काही मोठा गेमर नाही, आठवड्यातून दोन-तीनदा तासभर खेळणारा माणूस, आणि जुने गेम परत खेळून बघितले तर त्यातले निम्मे माझ्याच्याने दहा मिनिटंसुद्धा सहन झाले नाहीत.

काँट्रा हा जुना गोळीबाराचा गेमच घ्या. लहानपणी आम्ही तो "संपवला" होता असं मी कित्येक वर्षं सांगत फिरायचो. संपवला होता, पण ३० लाइफवाल्या कोडवर! वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, बोटांना अजून पाठ आहे. कोड न टाकता परत खेळलो तर तिसऱ्या लेव्हलचा तो धबधबा काही पार होईना. आणि दोघं खेळत असलो तर त्या धबधब्यात एक जण भराभर वर चढला की स्क्रीन त्याच्यासोबत वर सरकते आणि खाली राहिलेला फुकट मरतो, त्यावरून मी आणि भाऊ एकमेकांशी काय काय भांडलोय ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण हे गेम इतके अवघड का होते याचं कारण कळलं तेव्हा थोडा राग गेला. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स अख्खा ४० केबीचा. आज मोबाईलवर काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा इतकी कमी की त्यातला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा, आणि मला हे मोठा झाल्यावर कुणीतरी सांगेपर्यंत कधी दिसलंच नव्हतं. एकूण ३२ लेव्हल, ज्याला खेळ चांगला येतो तो अर्ध्या तासात उडवतो. मग तो आम्हाला वर्षानुवर्षं कसा पुरला? कारण सेव्ह नव्हतं, लाइफ संपल्या की पहिल्यापासून. गेम छोटाच होता, आम्ही मरून मरून तो लांबवला.

प्रिन्स ऑफ पर्शिया (१९८९) मात्र मला आजही भारी वाटतो. ६० मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, घड्याळ काही थांबत नाही. तो पळताना, लटकताना खरा माणूस वाटतो कारण बनवणाऱ्याने स्वतःच्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून शूटिंग केलं आणि त्यावरून चित्रं काढली. आणि आरशातून बाहेर येणारी ती आपलीच सावली आठवते? मेमरीमध्ये वेगळा शत्रू बसवायला जागा नव्हती म्हणून हिरोचीच चित्रं वापरून ती बनवली. अडचणीतून इतकी भन्नाट गोष्ट निघाली, आणि आता जागाच जागा आहे तर आपल्याला काय मिळतं, मॅपवर चारशे आयकॉन, प्रत्येक म्हणजे एक काम.

नाही, हे जरा जास्त झालं. रेड डेड रिडेम्प्शन २ मला मनापासून आवडला होता, पीसीवर दीडशे जीबी जागा मागतो तरी. नुसतं घोड्यावर बसून भटकायचो, मिशन वगैरे काही नाही. पण मध्ये तीन आठवडे कामाच्या गडबडीत गेले आणि परत आलो तर कुठलं बटण कशाला तेच आठवेना, घोड्याला शीळ घालायला गेलो आणि भर रस्त्यात एका माणसावर बंदूक रोखली, मग पोलीस, मग पळापळ. मोठ्या गेमला रोज वेळ द्यावा लागतो, त्याला माझ्यासारखं पाहुण्यासारखं येऊन जाणं चालत नाही. त्यात गेमचा दोष नाही खरंतर.

दोष आहे तो त्या सीझनवाल्यांचा. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन नावाच्या गेममध्ये घोड्याचं चिलखत वेगळे पैसे घेऊन विकायला काढलं तेव्हा लोकांनी केवढी टिंगल केली होती, आता चिलखत सोडा, नाचायची स्टेपसुद्धा विकतात आणि कोणी हसत नाही. पैशांचंही एकवेळ जाऊदे. पण "शेवटचे ३ दिवस" म्हणून जो धाक घालतात ना, त्याने खेळायला बसलं की ऑफिसचं काम उरकतोय असं वाटतं. तो गेम कधी संपतच नाही, संपू नये म्हणूनच बनवलाय.

नव्यात मला खरे आवडले ते छोटे गेम. सेलेस्ट (२०१८) अवघडच आहे, पण मेलात की क्षणात त्याच स्क्रीनवर परत उभे, आणि अगदीच जमत नसेल तर असिस्ट मोड लावून गेमचा वेग कमी करता येतो, मी लावला, लाज नाही वाटली. स्टारड्यू व्हॅली एका माणसाने एकट्याने बनवला, त्यातला एक दिवस आपल्या साधारण १४ मिनिटांचा, झोपलात की सेव्ह. (एकच दिवस म्हणून बसतो आणि रात्रीचा एक वाजतो ते वेगळं.) आणि व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्समध्ये तर ३० मिनिटं झाली की साक्षात यमच येतो, चला, खेळ खलास. मेलो, हसलो, उठलो.

तो परवाचा गेम अजून डिलीट केलेला नाही, ९० जीबी अडवून बसलाय. काल नोटिफिकेशन आलं, तुमची बक्षिसं तुमची वाट बघतायत म्हणे. बघू देत.