हवा किती?

पावसाळ्यातल्या दुपारी पंपावर गाडी लावली की पोरगा नळी हातात घेऊन विचारतो, "किती?" आणि म्हापशापासून मडगावपर्यंत निम्मे लोक छातीठोकपणे सांगतात, "पस्तीस." दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेला कागद बत्तीस-तेहतीस म्हणत असतो, पण तो वाचतो कोण! जास्त हवा म्हणजे जास्त अॅव्हरेज, अशी एक श्रद्धा आहे. डांबरी रस्त्यावर ती खपून जाते. वाळूला श्रद्धा कळत नाही.

म्हणूनच दर हंगामात मोरजी-आश्व्याकडे एखादी भाड्याची गाडी वाळूत बसलेली दिसते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. मोरजी, आगोंद, गालजीबागेला कासवं अंडी घालतात ती काही आपल्या रील्ससाठी नव्हे. पण गाडी रुतलीच की भोवती वीस माणसं जमतात आणि सगळ्यांचा एकच मंत्र सुरू होतो: "रेस दे, रेस दे!" या दोन शब्दांनी जितक्या गाड्या पोटापर्यंत गाडल्या असतील तितक्या समुद्रानेही नसतील. चाक जागेवर फिरतं तेव्हा ते गाडी पुढे नेत नाही, स्वतःसाठी खड्डा खणतं. खड्डा पुरेसा झाला की चेसिस वाळूवर टेकते, चाकांवरचा भार जातो, आणि मग उरते फक्त भरतीची वाट बघणं.

वाळूत गाडी हौसेने आणि कायद्याने चालवायची असेल तर ऑस्ट्रेलियातलं गारी बेट. ब्रिस्बेनला कुणाचा ना कुणाचा भाचा असतोच. तो चार गाड्या, बारा माणसं जमवतो आणि घेऊन जातो. २०२३ पर्यंत सरकारी कागदांवर हे फ्रेझर आयलंड होतं, आता तिथल्या बुचुला लोकांचं मूळ नाव परत आलं आहे. जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट, लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आपली चोडण-दिवाडी ही बेटं चिखलाची, खाजनांची (बांध घालून राखलेल्या खाऱ्या शेतजमिनींची). तिथे मात्र उंच झाडांचं घनदाट जंगलसुद्धा निव्वळ वाळूवर उभं आहे. पूर्वेचा सेव्हंटी-फाइव्ह माइल बीच हा चक्क नोंदलेला रस्ता आहे, ताशी ८० ची मर्यादा, पोलीस, सगळं. गाडीचं परमिट वेगळं, तंबूचं वेगळं, दोन्ही आधी काढायची.

आणि तिथे गाड्या बेटावर नेणारी बार्ज पकडण्याआधी, इन्स्किप पॉइंटच्या भुसभुशीत वाळूत शिरण्याआधी, सगळे ओळीने उतरून हवा सोडतात. बत्तीसवरून अठरा-वीस पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप). टायर थंड असतानाच मोजायची. तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो आणि माणूस फसतो. हवा कमी झाली की टायर रुंद होतो असं सगळे सांगतात; खरं तर तो रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो. टेकणारा पट्टा लांबतो, तोच भार जास्त वाळूवर वाटला जातो आणि चाक वाळू कापण्याऐवजी तिच्यावरून चालतं. आतल्या मऊ वाटांवर सोळापर्यंत उतरायला हरकत नाही. त्याच्या बऱ्याच खाली गेलं आणि जोरात वळण मारलं तर टायर रिममधून निसटतो. अठरावर असताना ताशी ८० ची पाटी ही परवानगी समजायची, आज्ञा नव्हे.

बाकीचं हाताला लागलेल्या सवयींनी होतं. आधीच्या गाड्यांच्या चाकोरीत राहायचं. स्टिअरिंग कमीत कमी हलवायचं. ब्रेक शक्यतो मारायचाच नाही, कारण थांबताना चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना तोच आडवा येतो. पाय काढून गाडीला आपली आपण थांबू द्यायचं, तीही उताराकडे तोंड करून. रुतलीच, तर पहिल्या सेकंदाला एक्सलरेटर सोडायचा. फावड्याने चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू काढायची, हवा आणखी दोन-तीन पीएसआय सोडायची, आणि आल्या चाकोरीनेच मागे यायचं. दहातल्या आठ वेळा दुसरं काही लागत नाही.

आता पाऊस. ताफ्यात कुणीतरी हमखास हळहळतो की पावसाने ट्रिपची वाट लागली. तंबूची लागली असेल, गाडीची नाही. कोरडी वाळू चाकाखालून सटकते. थोडी ओली झाली की कणांमधलं पाणी त्यांना धरून ठेवतं. आदल्या दिवशी ज्या चढावर तीन गाड्या अडकल्या तोच चढ सकाळच्या सरीनंतर सेकंड गिअरमध्ये, लो रेंजवर (फोर-बाय-फोर गाडीचा हळू पण ताकदीचा गिअर) निमूट चढू देतो. गोवेकराला हे सांगूनही पटत नाही, कारण आपल्याकडे पाऊस म्हणजे लाल चिखल आणि घसरणारी चाकं.

किनाऱ्यावर मात्र हाच पाऊस उलटतो. ओढे फुगतात, वाळू कापतात आणि हातभर उंचीच्या पायऱ्या तयार होतात, ज्या लांबून दिसत नाहीत. एकटा ईलाय क्रीक एरवीसुद्धा तासाला चाळीस लाख लिटर पाणी समुद्रात ओततो. ओढा आला की थांबून, उतरून, चालून बघायचं. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास किनाऱ्यावर गाडी नाही. आपले रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ सांगतात. ते गणित आपल्या किनाऱ्याचं, तिथे भरतीचा छापील तक्ताच बघायचा. वेळ चुकली म्हणून लाटांच्या कडेने खाऱ्या पाण्यातून गाडी पळवणाऱ्यांनी तिथल्याच किनाऱ्यावर पडलेल्या महेनो जहाजापाशी पाच मिनिटं उभं राहावं. १९३५ साली ते वादळात तिथे लागलं, तेव्हापासून मीठ त्याला खातंय.

ओढून काढायची वेळ आली तर एक गोष्ट हट्टाने पाळायची: स्नॅच स्ट्रॅप (गाडी ओढायचा ताणला जाणारा नायलॉनचा पट्टा) टोबॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्याला, अडकवायचा नाही. ताणाखाली तो गोळा तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो, आणि त्याने माणसं मेली आहेत. पट्टा भिजलेला असेल तर नायलॉनची ताकद आणखी घटलेली असते. चेसिसवरचा मूळ हूक वापरायचा, पट्ट्यावर जड ओली गोणी टाकायची आणि बघ्यांना लांब हाकलायचं. "रेस दे"वाल्यांना आधी.

तंबूत गोवेकर खरं तर तरबेज असायला हवा. घराला पावसाळी झडी (झावळ्यांचे आडोसे) बांधणारे आपण, तरी ताडपत्री सपाट ताणतो! मग मध्ये पाण्याची पिशवी लोंबते आणि रात्री दोन वाजता पेजेच्या टोपात रिकामी होते. एक कोपरा मुद्दाम खाली ठेवायचा, पाणी तिथूनच जाऊ दे. नेहमीचे खुंटे वाळूत धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून, हातभर खोल पुरायची, ती बैलालाही उपटणार नाही. खालचं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, नाहीतर पावसाचं पाणी सरळ अंथरुणात. संध्याकाळी दोऱ्या पुन्हा ताणायच्या, भिजलेलं नायलॉनचं कापड सैलावतं. उकडा तांदूळ शिजायला वेळ आणि गॅस खातो. शेकोटी ठरलेल्या मोजक्या तळांवरच चालते, तीही स्वतः नेलेल्या लाकडांची. तेव्हा पोहे न्यावेत. आणि खारे बांगडे अजिबात नकोत.

बांगडे नकोत ते डिंगोंमुळे, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यांमुळे. गारीवर त्यांना वोंगारी म्हणतात. दिसायला आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांसारखे, म्हणून लोक 'यू यू' करतात, बिस्किट टाकतात. मग ते माणसाला भीत नाहीसे होतात. २००१ साली याच बेटावर नऊ वर्षांचा एक मुलगा त्यांच्या हल्ल्यात गेला. त्यामुळे पाऊस कितीही लागला, झोप कितीही आली, तरी भांडी घासल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. मिस्कूटची (कैरीच्या लोणच्याची) बरणी, रिकामं आइसबॉक्स, कचऱ्याची पिशवी, सगळं गाडीत, काचा वर, दार लॉक. आणि पोरांना रात्री लघवीला एकटं पाठवायचं नाही.