तुम्ही विचारलेत म्हणून: सिंकच्या फोल्डरमध्ये सिमलिंक का नको?

पुस्तकांची पाने लावणाऱ्या आमच्या मंडळींपैकी कोणीतरी महिन्या-दोन महिन्यांनी हा प्रश्न मला विचारतेच, आणि विचारताना सुरात थोडा टोमणाही असतो: "सिमलिंक आम्हाला शिकवलीत तुम्हीच, आणि आता नको म्हणता तेही तुम्हीच?" टोमणा रास्त आहे. (सिमलिंक म्हणजे दुसऱ्या जागच्या फाइलचा किंवा फोल्डरचा फक्त पत्ता सांगणारी छोटी नोंद, आणि सिंक म्हणजे एकच फोल्डर संगणकांवर आणि क्लाउडवर आपोआप सारखा ठेवणे.) एका रविवारी पंधरा-वीस जणांना बसवून मीच फळ्यावर लिहिले होते की फाइल एकाच जागी ठेवा आणि जिथून लागेल तिथून तिच्याकडे वाट काढा. लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची, जुनी कामे बाहेरच्या मोठ्या डिस्कवर, आणि क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये त्या डिस्कचा पत्ता धरून बसलेली 'जुनी कामे' नावाची एक सिमलिंक. जागाही वाचते आणि प्रतही वर जाते, असे मी त्या दिवशी सांगितले होते.

आता "ते धोक्याचे आहे" एवढेच म्हटले, की समोरून येते, "आमच्याकडे तर व्यवस्थित चालले आहे." माझ्याकडेही तीन वर्षे आणि काही महिने व्यवस्थितच चालले होते. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

माझ्या संगणकावर लिनक्स आहे. बाहेरची डिस्क जोडली की तिच्यातला मजकूर 'एमएनटी'मधल्या 'जुनी' नावाच्या एका रिकाम्या फोल्डरवर येऊन बसतो. डिस्क नसली, तर तो फोल्डर रिकामाच उरतो. रिकामा, पण जागेवर असलेला. पुढचे सगळे या एका गोष्टीवर घडले. डिस्क जोडलेली नसताना संगणक सुरू होताना अडून बसे आणि दुरुस्तीचा काळा पडदा दाखवी, त्याला कंटाळून मी 'एफएसटॅब'मध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची हे लिहिलेल्या फाइलमध्ये, त्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घातला होता. त्याचा अर्थ असा की डिस्क सापडली नाही तरी कुरकुर न करता पुढे जा. ही सूचना माझ्याच हातची आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जुलैमधल्या एका दुपारी वीज गेली, यूपीएसने पाच मिनिटांत दम सोडला, आणि वीज परत आल्यावर सगळे सुरू झाले, ती डिस्क सोडून. ती कायमची गेली होती, पण मला त्याचा पत्ता नव्हता, कारण संगणकाला गप्प राहायला मीच सांगितले होते. सिंक करणाऱ्या प्रोग्रामने मात्र आपले काम चोख केले. तो सिमलिंकच्या मागे जाणारा, म्हणजे तिच्यातल्या पत्त्यावर पोहोचून तिथला मजकूर पाहणारा होता. मागे गेल्यावर त्याला फोल्डर दिसला, फायली दिसल्या नाहीत, आणि त्याने त्याचा अर्थ असा लावला की मालकाने त्या पुसल्या. मग त्याने त्या क्लाउडवरून पुसल्या, आणि घरच्या लॅपटॉपवर उतरलेली प्रतही पुसली. त्या सेवेची कचरापेटी तीस दिवस जपून ठेवते. मला कळले एक्केचाळिसाव्या दिवशी.

कळले तेही फोनमुळे. आठ वर्षांपूर्वी मी पाने लावलेल्या, गावांच्या नावांवरच्या एका पुस्तकाचे लेखक दुसऱ्या आवृत्तीविषयी बोलत होते. निवृत्त शिक्षक; मी त्यांना सर म्हणतो. "फक्त चाळीसेक दुरुस्त्या आहेत," ते म्हणाले, "फाइल उघडलीत की तासाभराचे काम." मी फाइल उघडायला गेलो. फोल्डर उघडला आणि आत काहीच नव्हते. फोन कानाशी धरूनच मी क्लाउड पाहिला, घरच्या लॅपटॉपवर पाहायला मुलाला सांगितले, आणि सरांना म्हणालो की संध्याकाळी कळवतो.

तरीही तेव्हा मी घाबरलेला नव्हतो, कारण रोज रात्री 'आर-सिंक' या प्रती उतरवणाऱ्या प्रोग्रामने घेतलेला बॅकअप वेगळ्या डिस्कवर होता. त्यात 'जुनी कामे' होती. मी तिच्यावर क्लिक केले आणि पुन्हा तोच रिकामा फोल्डर समोर आला. मग टर्मिनलमध्ये यादी मागवली, तेव्हा त्या नावापुढे बाण, बाणापुढे पत्ता, आणि आकाराच्या रकान्यात ९ हा आकडा दिसला. नऊ बाइट. सिमलिंकचा आकार म्हणजे तिच्यात लिहिलेल्या पत्त्याची रोमन अक्षरे आणि तिरप्या रेघा मोजून येणारी संख्या. 'एमएनटी', 'जुनी' आणि दोन रेघा मिळून नऊ होतात. तीन वर्षे रोज रात्री मी ती नऊ अक्षरे इमानाने जपली होती.

"बॅकअप तपासून पाहायचा नाही का?" असे विचारू नका, कारण मी तो तपासला होता, आणि याच गोष्टीचे मला सर्वांत जास्त लागले आहे. वर्षभरापूर्वी बॅकअपमधून सगळे एका नव्या फोल्डरमध्ये उतरवून, 'जुनी कामे' उघडून, दोन पुस्तकांची पाने चाळून मी समाधानाने चहाला गेलो होतो. ती पाने उघडली, कारण बॅकअपमधून परत आलेली सिमलिंक मला थेट मूळ डिस्कवरच घेऊन गेली होती. मी मूळच पाहत होतो आणि प्रत पाहिली असे समजत होतो. तुटक्या लिंक शोधणारी आज्ञा चालवली असती, तरी तिने काही दाखवले नसते; डिस्क गेल्यावरही लिंक तुटलेली नव्हतीच, ती एका खऱ्या, रिकाम्या फोल्डरकडे नीट पोहोचत होती.

सरांना मी त्या संध्याकाळी सांगितले की डिस्क गेली. ते खोटे नव्हते, पण बॅकअप असूनही त्यात काहीच नव्हते आणि ते का, हे मी आजपर्यंत त्यांना सांगितलेले नाही. मुद्रकाकडून पीडीएफ मिळाली, परंतु पुस्तक युनिकोडपूर्व फाँटात लावलेले असल्यामुळे तिच्यातून उचललेला मजकूर म्हणजे रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा काला होता. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने मुख्य मजकूर बराचसा सरळ केला, तरी रफार आणि जोडाक्षरे ठिकठिकाणी विस्कटलेलीच राहिली, आणि १,९०० नोंदींची सूची तर हाताने पुन्हा बांधावी लागली. पाच आठवडे गेले. त्याचे पैसे मी घेतले नाहीत, आणि सरांना तो माझा चांगुलपणा वाटला.

आता थोडे माझ्या बाजूने. दोष सिमलिंकचा नाही, १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत ती आली, तेव्हापासून ती फक्त एक पत्ता आहे, आणि त्या पत्त्यावर जायचे की नाही हे ज्याचा तो प्रोग्राम ठरवतो. 'आर-सिंक'ला त्याचा नेहमीचा 'ए' हा पर्याय दिला, तर तो लिंक लिंक म्हणूनच उतरवतो, आणि मागचा मजकूर हवा असेल तर मोठा 'एल' वेगळा द्यावा लागतो. फायलींचे गाठोडे बांधणारा 'टार' लिंकच ठेवतो. क्लाउडवर फायली नेणारा 'आरक्लोन' काही सांगितले नाही तर लिंक वगळून पुढे जातो. संगणकांतले फोल्डर एकमेकांशी सिंक करणारा 'सिंकथिंग' विंडोजखेरीज इतरत्र लिंक तशीच नेतो, मागे जात नाही. हे सगळे त्यांच्या माहितीपुस्तिकांत लिहिलेले आहे आणि त्या रविवारच्या आधी मी ते वाचलेही होते. सुटे सुटे वाचले होते, एवढेच. सिंक मागे जाते आणि बॅकअप जात नाही, या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. त्या एकाच फोल्डरबद्दल आहेत, हे मी कधी शेजारी ठेवून पाहिले नाही.

एका मित्राचे म्हणणे आहे की सिमलिंकऐवजी 'बाइंड माउंट' करावा, म्हणजे डिस्कवरचा फोल्डर सिंकच्या फोल्डरमध्येही बसवावा, की प्रत्येक प्रोग्रामला तो खराच फोल्डर दिसेल. बॅकअपचा प्रश्न त्याने सुटतो, हे मान्य. पण डिस्क आली नाही, तर तिथेही रिकामाच फोल्डर दिसणार आणि सिंक त्याच इमानदारीने सगळे पुसणार. सध्या मी डिस्कवर 'मी आहे' नावाची एक रिकामी फाइल ठेवली आहे. ती दिसली तरच माझी स्क्रिप्ट सिंक सुरू करते. हा उपाय मला स्वतःलाच जुगाड वाटतो, आणि काम चालू असताना मध्येच डिस्क गेली तर तो काही करू शकत नाही.

उलट दिशेने मात्र मी अजूनही सिमलिंक वापरतो: खरी फाइल सिंकच्या फोल्डरमध्ये आणि लिंक बाहेर. म्हणजे "वापरत नाही" हे माझे उत्तरही पुरते खरे नाही. शुद्धलेखन तपासणीतले मी भरलेले शब्द कार्यालयात आणि घरी एकच असावेत, म्हणून ती यादी मी अशी जोडली होती. काही महिन्यांनी कार्यालयात शिकवलेला 'ग्रामनाम' घरी पुन्हा लाल रेघेखाली दिसला. बरेच प्रोग्राम साठवताना आधी नवी फाइल लिहितात आणि मग तिला जुन्या नावावर बसवतात. तसे करताना लिंकच पुसली गेली होती आणि तिच्या जागी साधी फाइल येऊन बसली होती. आता मी फाइलऐवजी अख्ख्या फोल्डरची लिंक केली आहे. परवा त्यात एकाच यादीच्या दोन प्रती दिसल्या, दुसरीच्या नावात घरच्या लॅपटॉपचे नाव आणि तारीख घातलेली. कोणत्या प्रतीत कोणते शब्द जास्त आहेत, ते अजून पाहायचे आहे.