स्टेपनीला कोरा टायर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. पुढच्या वेळी कुणी माझ्या डिकीत डोकावून "अगंबाई, स्टेपनीला कोरा टायर?" म्हणालं, की बोलत बसण्यापेक्षा हेच पुढे करीन.

प्रश्नाची चाल ठरलेली आहे. गाडी सँट्रो, २००९ची. विकायला काढली तर सत्तर-ऐंशी हजार तरी येतील का, शंकाच. चालते टायर झिजतात, ते बदलावेच लागतात, कबूल. पण स्टेपनी? जुन्या चारांतला त्यातल्या त्यात बरा टायर तिथे टाकायचा, सगळं जग हेच करतं. मग जरा आवाज खाली आणून, "टायरवाल्यानं बनवलं ना तुम्हाला?" हा शेवटचा भाग माझ्या नवऱ्याला कुणीही विचारत नाही, हे मी बघून ठेवलंय.

टायरवाल्यानं मला बनवलं नाही. झालाच असेल तर त्यालाच माझा ताप झाला. पण ते नंतर.

आधी माझं जुनं मत सांगते, कारण तुमच्या प्रश्नात तेच आहे आणि मी ते बरीच वर्षं ठणकावून मांडत होते. गाडी दसऱ्याला घेतली. त्यानंतर दोनदा चारही टायर बदलले, दुसऱ्यांदा लॉकडाऊन उठल्यावर. तेव्हा दुकानातल्या पोरानं विचारलं होतं, "मॅडम, स्टेपनी बघू का?" मी म्हटलं, तिला काय झालंय, ती एकदाही रस्त्याला लागलेली नाही. आणि खरंच लागली नव्हती. आमच्या नशिबानं पंक्चर व्हायचं ते घरापाशी, नाहीतर गावात, जिथे पंक्चरवाला दोन मिनिटांवर. न वापरलेली वस्तू ती नवी, हा हिशेब मला तेव्हा पटत होता. आजही ऐकायला तो वेडगळ वाटत नाही. साडी कपाटात राहिली म्हणून कुणी जुनी म्हणतं का? (विरते घडीवर, हे मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं.)

आता तेरखेड्याची गोष्ट. घरच्यांना ती माहीत आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी आईला विचारून लिहिते आहे.

२०२३चा मे. बार्शीहून आईला घेऊन मी छत्रपती संभाजीनगरला निघाले होते. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. चालते छान, पण खाली बसता येत नाही. डिकीत नेहमीचा माहेरचा आहेर: ज्वारीचं पोतं, तूरडाळ, लोणच्याची बरणी, वहिनीनं दिलेल्या पापडांचा डबा. येडशीला हायवेला लागलो आणि थोड्याच वेळात मागचं डावं चाक बसलं. खाली कसला तरी लोखंडी तुकडा होता. टायरला बाजूनं चांगली चार बोटं चीर गेली. ट्यूबलेसला खिळा लागला तर गाडी रेटत नेता येते, बाजू फाटली की विषय संपला.

ट्रॅक्टर घेऊन चाललेला एक पोरगा थांबला. सगळा आहेर रस्त्याकडेला उतरवला, डिकीतली फळी उचलली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा ती स्टेपनी उजेडात आली. काळीभोर. नक्षीवर रबराचे ते बारीक केस असतात ना, नव्या टायरला असतात ते, तेसुद्धा जागच्या जागी. पोरानं पान्यानं दोनदा ठोकून बघितलं, वर पायानं दाबलं. "कोरी हाय की ओ ताई. हवाबी हाय." चाक चढवलं, पैसे घेतले नाहीत, गेला.

मी सत्तरच्या आसपास चालवत होते. दादा ऐंशी-नव्वद म्हणतो, पण तो गाडीत नव्हता. तेरखेडा जवळ आलं तशी मागून घरघर सुरू झाली. मला वाटलं, रस्ता खडबडीत असेल. मग धप धप धप, आणि कुणी मागून गाडी धरून हलवतंय अशी ती डुलायला लागली. आई म्हणाली, "अगं, काय पडलं का मागं?" तेवढ्यात आवाज झाला. ब्रेक दाबायचा नाही एवढं मला माहीत होतं. स्टेअरिंग घट्ट धरलं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी दोनदा आडवी व्हायला बघत होती, पण मागे ट्रक नव्हता. जी काही पुण्याई असेल ती तिथे खर्च झाली.

उतरून बघितलं तर टायरचा वरचा नक्षीचा पट्टाच सुटून गेला होता. त्याचा एक भाग चाकाच्या कमानीत अडकून होता, मडफ्लॅप उखडलेला, बंपरचा कोपरा फाटलेला. आतली पोलादी तार झाडूसारखी बाहेर आलेली. आणि त्या लोंबत्या पट्ट्यावर ते रबराचे केस अजून शाबूत होते. मी त्यांच्याकडेच बघत राहिले होते, असं आई सांगते.

तेरखेडा फटाक्यांचं गाव आहे, इकडच्यांना सांगायला नको. स्कूटरवरून आलेला एक माणूस पहिलं वाक्य बोलला ते हे: "आमच्याकडं आवाज झाला की आधी कारखान्याकडं बगत्यात." त्यानंच फोन करून पंक्चरवाल्याला बोलावलं. पण त्याच्याकडे माझ्या मापाचा टायर नव्हता. तो दुसऱ्याकडून मागवणार, तोवर थांबा.

थांबलो. दुपारचे दोन. दुभाजकातली कण्हेर सोडली तर हिरवं काही नाही, आणि तिची सावली कुणाला पुरणार? गाडीत बसवत नाही, बाहेर उभं राहवत नाही. तास-सव्वा तासानं आई हळूच म्हणाली, तिला जायचंय. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला पत्र्याचा कठडा आणि खाली उतार. उतार तिला उतरता येत नव्हता. उतरली असती तरी बसता येत नव्हतं. मी गाडीची दोन्ही दारं उघडून साडीचा आडोसा केला. पलीकडून ट्रक जात होते. त्यातल्या एकानं हॉर्न वाजवला. पुढचं मी लिहीत नाही. आईनं लिही म्हटलंय तरी नाही. नंतर ती मागच्या सीटवर जाऊन बसली आणि बीड येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

तुम्ही टायरची किंमत काढता तेव्हा माझ्या डोक्यात हे असतं. तुम्हाला ते दिसत नाही, यात तुमचा दोष नाही. मी कधी सांगितलंच नव्हतं.

पंक्चरवाला आला मोटरसायकलवर, पाठीला एक जुना टायर बांधून. फाटलेलं चाक उतरवलं, थुंकी लावून अंगठ्यानं बाजूची माती पुसली आणि वाचून दाखवलं: ३१०९. म्हणजे २००९चा एकतिसावा आठवडा, जुलैची अखेर किंवा ऑगस्ट लागतानाचा. गाडीच्याही आधीचा. हे चार आकडे प्रत्येक टायरवर असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. पण बऱ्याच टायरांवर ते एकाच बाजूला असतात. स्टेपनी पालथी पडलेली असेल तर उचलल्याशिवाय दिसत नाहीत. "नक्षी नगं बघत जाऊ ताई, साल बघत जावा," एवढं बोलून त्यानं पैसे मोजून घेतले. जरा जास्तच घेतले, पण त्या उन्हात मी घासाघीस करणार नव्हते.

घरी आल्यावर वाचत बसले. जे वाचलं त्याचा सारांश असा: टायरच्या रबरात मेण आणि हवेचा परिणाम थोपवणारी रसायनं मिसळलेली असतात. चाक फिरतं तेव्हा रबर लवतं, आणि ही द्रव्यं हळूहळू पृष्ठभागाकडे येत राहतात, ओझोननं वरचा थर तडकू नये म्हणून. पडून असलेल्या टायरचं हे लवणंच बंद. आतून वेगळाच प्रकार चालतो. दाबाखालच्या हवेतला ऑक्सिजन रबरातून झिरपत नक्षीखालच्या पोलादी तारांच्या पट्ट्यांपर्यंत पोचतो, तिथलं रबर कडक आणि ठिसूळ होतं, पट्ट्यांची पकड सुटायला लागते. उष्णतेनं हे सगळं भराभर होतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून तापते. अशी चौदा वर्षं. बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, टायर कंपन्या जास्तीत जास्त दहा म्हणतात, आणि त्यात स्टेपनी धरून, असं स्पष्ट लिहितात. २०१२ साली इंग्लंडमध्ये सरे परगण्यात एका बसचा पुढचा टायर फुटून तिघं गेले. टायर एकोणीस वर्षांचा होता आणि तो वापरणं बेकायदा नव्हतं, कारण वयाचा नियमच नव्हता. त्यात मुलगा गमावलेल्या आईनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२१पासून तिथे बस-ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचा टायर चालत नाही.

हे मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं, तर दादा म्हणाला, हवा कमी असणार. भावजी म्हणाले, ज्वारीचं पोतं. नवरा काही म्हणाला नाही, फक्त "तू वेगात नव्हतीस ना?" एवढं विचारलं.

आणि इथे मला खरं बोलायला हवं. हवा मोजली नव्हती. त्या पोरानं पायानं दाबली, तेवढंच. स्टेपनीतली हवा दर महिन्याला थोडी थोडी उतरतच असते, म्हणून तिच्यात मुळातच जरा जास्त भरून ठेवायची असते. माझ्या स्टेपनीत शेवटची हवा कधी भरली, मला सांगता येणार नाही. कमी हवेचा टायर तापतो, तापला की पट्टा सुटतो, हेही पुस्तकात आहे. तेव्हा दादाचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण मी त्याला विचारते, चालत्या चार टायरांमध्येही हवा कधी कमी असते, पोतं तर दर खेपेला असतं, मग ते का नाही फुटले? तो म्हणतो, त्यांत इतकी कमी नव्हती. मी म्हणते, तुला काय माहीत. हे दर दिवाळीला होतं.

आता तुमचा मूळ सल्ला: जुन्या चारांतला बरा टायर स्टेपनीला. बरा म्हणजे नक्षी बरी, हो ना? माझे चार तेव्हा तीन वर्षांचे होते. त्यांतला फाटलेला गेलाच. म्हणजे एक नवा घ्यायचाच होता. तो चाकाला लावून तीन वर्षांचा एक डिकीत टाकता आला असता. भावजींनी हेच सुचवलं होतं आणि ते चूक नाहीत. मी दोन नवे घेतले, एक रस्त्याला आणि एक डिकीला. साडेतीन हजारांचा प्रश्न होता. गरज होती का? कागदावर नसेल. माझी होती.

दुकानदारानं पहिला टायर काढला तो दोन वर्षांपूर्वीचा. तेरा इंची माप आता फार खपत नाही, माल पडून राहतो. मी म्हटलं दुसरा दाखवा. तो म्हणाला, "ताई, टायर आहे हा, दूध नाही." मी म्हटलं, दुसरा दाखवा. तिसऱ्या दिवशी त्यानं मागवून दिला, चार महिन्यांपूर्वीचा. बिलावर ते आकडे लिहून घेतले तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. तर बनवलं कुणी कुणाला?

"पण आता नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते," हाही एक युक्तिवाद येतो. बरोबर आहे, २०२०मध्ये नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर लहान गाडीला स्टेपनीची सक्ती नाही. माझ्या सँट्रोत यातला फक्त ट्यूबलेस टायर आहे. आणि त्या किटनं खिळ्याचं भोक बुजतं. चार बोटं फाटलेली बाजू बुजत नाही.

२०२४मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. फेरनोंदणीचे पाच हजार भरले, वर हरित कर, आणि पुढची पाच वर्षं मिळाली. गाडी विकून टाक, हे तेव्हाही सगळ्यांनी सांगितलं. नवऱ्यानंही. मी ठेवली, कारण ती मला चालवता येते आणि तिला माझी सवय आहे. दुसरं कारण नाही, शोधू नका. आई आता बार्शीहून एसटीनं येते. गाडीत बसते, पण गावातल्या गावात. मी आग्रह करणं सोडलंय.

नवी स्टेपनी आता मी पडून राहू देत नाही. टायर सारखे झिजावेत म्हणून त्यांची अदलाबदल करायला गेले की स्टेपनी धरून पाचही फिरवते. म्हणजे हिचे केस कधीच झिजले. नवरा म्हणतो, मग ती कोरी कुठे राहिली, आणि कोरी नाही तर पैसे कशाला घातले? यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते त्याला पटत नाही. पंपावरचा मुलगाही स्टेपनीची हवा बघायला डिकी उघडली की तोंड वाकडं करतो, कारण पोतं मलाच उतरवायला सांगतो आणि मी त्यालाच सांगते.