आमची वाटचाल: लाकडाकडून दोऱ्याकडे

शिडाच्या जहाजाचं मॉडेल घ्यायला येणारा माणूस आधी विचारतो, "लाकूड कुठलं?" मग लांबी विचारतो. दोराबद्दल कुणीच विचारत नाही. आमचा तासांचा हिशेब मात्र उलटा आहे. तीन डोलकाठ्यांच्या लढाऊ जहाजाला सगळे मिळून साधारण नऊशे तास लागतात. त्यातले साडेचारशे ते पाचशे तास दोर, कप्प्या आणि गाठी खातात. नाशिकमध्ये सातपूरच्या एका भाड्याच्या गाळ्यात सुरू झालेला हा धंदा लाकडाकडून दोऱ्याकडे कसा सरकत गेला, तेवढंच इथे लिहितो.

सुरुवात शोपीसपासून झाली. हॉटेलच्या काउंटरवर ठेवायला, निवृत्तीच्या समारंभात द्यायला फूट-दीड फुटाचं गलबत. भरीव सागाचा सांगाडा, मशीनवर शिवलेली शिडं, सुतळीचे दोर. असा माल बाजारात ढिगाने मिळतो आणि त्याला भाव नाही. त्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे त्याला प्रमाण नाही. दोन मिलिमीटरची सुतळी 96 पटीने मोठी करून पाहा, विजेच्या खांबाएवढा दोर होतो. असा दोर ओढणार कोण?

प्रमाणात काम करायचं ठरल्यावर पहिलं जहाज निवडलं ते ट्रिंकोमली. हे फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, 1817 मध्ये मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, मलबारी सागात बांधलं गेलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहता येतं. निवडीमागे भावनेपेक्षा सोय जास्त होती. जहाज प्रत्यक्ष उभं असलं की शंका आली तर फोटोत उत्तर सापडतं. तोफांचा मजला सुमारे 150 फुटांचा आहे. आम्ही 1:96 प्रमाण धरतो, म्हणजे एका फुटाला अष्टमांश इंच. त्या मापात हा मजला 48 सेंटिमीटरांच्या आत बसतो. नाळेपुढची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची, तिरकी काठी आणि मागचा बूम, म्हणजे मागच्या शिडाखालची आडवी काठी, धरूनही मॉडेल नेहमीच्या शोकेसमध्ये मावतं.

मूळ जहाज सागाचं, म्हणून मॉडेलही सागाचं करा, असा आग्रह बहुतेक गिऱ्हाइकांचा असतो. आम्ही नाही म्हणतो. सागाचे रेषे भरड आणि छिद्रं मोठी. तीन मिलिमीटरच्या फळीवर ती छिद्रं चरासारखी दिसतात आणि जहाज लगेच खेळणं वाटायला लागतं. शिवाय सागात तेल असतं, त्यामुळे थिनरने पुसल्याशिवाय गोंद धरत नाही. फळ्यांना आम्ही हळदू वापरतो, काहीजण त्याला हेदू म्हणतात. पिवळसर, बारीक आणि एकसारख्या रेषांचं हे लाकूड पूर्वी कापडगिरण्यांच्या बॉबिनींना जायचं. एक मिलिमीटर जाडीची पट्टी काढली तरी कड तुटत नाही. साग आता फक्त पायथ्याच्या पाटाला, कारण नावाच्या पाटीखाली साग दिसला की गिऱ्हाइकाचंही समाधान होतं.

सांगाडा पाच मिलिमीटरच्या मरीन प्लायचा. मधला कणा आणि त्यात खाचेत बसणारे पंधरा-सोळा आडवे साचे. इथे घाई केली की पुढे सगळं फसतं. प्रत्येक साचा गुण्याने काटकोनात तपासायचा. मग नाळेकडच्या आणि पिछाडीच्या साच्यांच्या कडा तिरप्या घासायच्या, म्हणजे लांब लवचिक पट्टी आडवी धरली तर ती प्रत्येक कडेला पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे. कुठे नुसत्या टोकाला टेकली, तर फळी तिथे उचलते आणि पॉलिशनंतर तिथेच फुगीर रेघ दिसते.

फळ्या तीन मिलिमीटर रुंद आणि 75 मिलिमीटरच्या आसपास लांब, म्हणजे खऱ्या मापात 24 फुटी. एक उजवीकडे लावली की पुढची डावीकडे. एकाच बाजूच्या दहा फळ्या सलग लावल्या तर गोंद सुकताना कणा केळ्यासारखा वाकतो आणि मग कुठल्याही शिकंज्याने तो सरळ होत नाही. नाळेकडे जागा कमी होत जाते, म्हणून तिथे फळी निमुळती करायची, पण अर्ध्या रुंदीखाली न्यायची नाही. तेवढ्यानेही भागलं नाही तर दोन फळ्यांची एक करायची. पिछाडीला उलट, जागा वाढते, तिथे पाचर घालायची. कण्यालगतची पहिली फळी नाळेकडे वर चढू द्यायची नाही. नवखा कारागीर हमखास तिथेच चुकतो आणि पुढच्या वीस फळ्या त्याची किंमत मोजतात. वाकवायला पाण्यात भिजवून सोल्डरिंगच्या गरम टोकावर फिरवलेली पट्टी पुरेशी होते.

पाण्याखालच्या भागाला तांब्याचे पत्रे. नाशिकमध्ये तांब्या-पितळेचं काम जुनं, त्यामुळे पातळ पत्रा आणि तो हाताळायची जाण दोन्ही गावातच मिळतात. खऱ्या जहाजावरचा पत्रा चार फूट बाय 14 इंच. आमच्या मापात तो पावणेतेरा बाय पावणेचार मिलिमीटर होतो आणि एका जहाजाला दोन हजारांच्या आसपास तुकडे लागतात. सुरुवात पिछाडीकडून करायची, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि पाण्याच्या धारेला कड उचलता येत नाही. उघड्या बोटांनी पत्रा हाताळला की महिनाभरात ठसे काळे-हिरवे उमटतात. लिंबू-मिठाने ते निघतात, पण नंतर पाण्याने नीट धुतलं नाही तर फटीत राहिलेलं मीठ पुन्हा हिरवं काढतं. त्यामुळे हातमोजे.

तोफा पितळेच्या. ट्रिंकोमलीच्या वर्गातल्या फ्रिगेटवर मुख्य मजल्याला 28 तोफा, 18 पौंडी, म्हणजे 18 पौंडांचा गोळा फेकणाऱ्या. आठ फुटी नळी आमच्याकडे 25 मिलिमीटरची होते. अंबडच्या लेथवर ती अर्ध्या दिवसात निघते, मग काळ्या द्रावणात बुडवायची. लेथचं तेल पुरतं निघालं नसेल तर काळा थर पापुद्र्यासारखा सुटतो. शिशाच्या ओतीव तोफा स्वस्त पडतात, पण बंद काचपेटीत लाकूड आणि प्लायमधून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा शिशाला खातात आणि वर पांढरी पूड येते. त्या आम्ही वापरत नाही.

इथपर्यंतचं काम कुठलाही हुशार सुतार शिकतो. धंदा बदलला तो पुढच्या टप्प्यात.

जुन्या इंग्रजी आरमाराच्या यादीत दोराचं माप इंचांत दिलेलं असतं. ते माप परिघाचं, व्यासाचं नव्हे. 12 इंची दोर म्हणजे व्यासाने पावणेचार इंचांहून किंचित जास्त, 1:96 मध्ये बरोबर एक मिलिमीटर. व्यास समजून लावला तर 3.2 मिलिमीटर भरतो, म्हणजे तिप्पट जाड. बाजारातल्या कितीतरी महागड्या मॉडेलांवर ही चूक दिसते. सांगाडा सुबक आणि वर दोरखंडाचं जाळं.

बारीक तीनपेडी दोर बाजारात मिळत नव्हता, म्हणून तो वळायचं यंत्र केलं. एका टोकाला गिअरवर फिरणारे तीन आकडे, दुसऱ्या टोकाला सरकत्या गाडीवर एक आकडा, मध्ये तीन खाचांचा लाकडी शंकू. तीन मीटर दोरा लावला तर दोर निघतो सव्वादोन मीटरच्या आत. मेख पिळात आहे. शिवणाचा दोरा बहुधा उजव्या पिळाचा असतो. त्याचे तीन धागे थेट वळले तर दोर डाव्या पिळाचा होतो आणि जहाजावरचे बहुतेक दोर उजव्या पिळाचे असतात. म्हणून आधी दोन-दोन दोऱ्यांचा पेड डावीकडे वळायचा, मग तीन पेड मिळून उजवीकडे. नांगराचा जाड दोर नऊ पेडांचा आणि डाव्या पिळाचा, तो वेगळा. भिंगाशिवाय हे दिसत नाही हे खरं, पण उलट पिळाचा दोर ताण द्यायच्या चकतीभोवती वळवताना सुटायला बघतो, ते बोटांना लगेच कळतं.

पहिल्या मॉडेलांना सुती दोरा लावला होता. मे महिन्याच्या कोरड्या नाशिकमध्ये ताणून बांधलेला दोर जुलैत मुंबईत ओल पिऊन आखडतो आणि वरची बारीक डोलकाठी पुढे वाकते. हिवाळ्यात तोच दोर सैल लोंबतो. दोन जहाजं परत आली, सगळे दोर कापून पुन्हा लावले. आता उभे दोर, म्हणजे डोलकाठ्या जागेवर धरणारे, पॉलिएस्टरचेच. त्याची लव उदबत्तीच्या निखाऱ्यावरून झपकन फिरवून जाळायची. क्षणभर थांबलात तर दोर तुटतो. नायलॉन ताणतो, तो नको. येवल्याच्या रेशमाचा दोरा सुंदर असतो, पण त्याची चमक जहाजावर खोटी वाटते.

उभे दोर गडद, जवळजवळ काळे, कारण ते डांबरलेले असत. ओढायचे दोर फिकट. लावण्याचा क्रम ठरलेला. डोलकाठीच्या खांद्यावर आधी कप्प्यांचे लोंबते दोर, मग श्राउड, म्हणजे डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणारे दोर, जोडीजोडीने, पहिली जोडी उजवी-पुढची, दुसरी डावी-पुढची, असं आलटून-पालटून, आणि त्यावर स्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारा दोर. प्रत्येक श्राउडच्या खाली तीन भोकांची चकती, म्हणजे डेडआय, आणि जहाजाच्या बाजूला तशीच दुसरी. दोन्हींत बारीक दोर ओवून ताण द्यायचा. सगळ्या चकत्या एका रेषेत याव्यात म्हणून तारेचा इंग्रजी यू आकाराचा तुकडा दोन चकत्यांच्या भोकांत अडकवून अंतर कायम ठेवतो. कुठलाच दोर पहिल्या फेरीत पक्का बांधायचा नाही. स्टे ओढला की डोलकाठी पुढे जाते आणि मागचे श्राउड आपोआप ताणले जातात. आधीच घट्ट असतील तर डोलकाठी पिळते. डोलकाठीचा कल पुठ्ठ्याच्या साच्याने तपासत तीन फेऱ्यांत ताण वाढवायचा.

आता रॅटलाइन, म्हणजे खलाशांच्या चढण्याच्या पायऱ्या. खऱ्या जहाजावर पायरी 13 इंचांवर, आमच्याकडे साडेतीन मिलिमीटरला जरा कमी. एका बाजूला सात श्राउड आणि तीस पायऱ्या धरल्या तर 210 गाठी, दोन बाजूंच्या 420, आणि अशा तीन डोलकाठ्या. मधल्या श्राउडवर क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांची गाठ, टोकांना बारीक फास. काम करणारा प्रत्येक जण न कळत गाठ किंचित ओढतो. एका गाठीत ते दिसत नाही. तिसाव्या पायरीपर्यंत कडेचे श्राउड आत ओढले जाऊन सगळी जाळी डमरूसारखी कमरेत बारीक होते. मागे रेघा मारलेला कागद लावायचा, कडेच्या श्राउडला तात्पुरती बांबूची काडी बांधायची आणि दर पाच पायऱ्यांनी लांबून डोळे बारीक करून पाहायचं. गाठीवर पाणी घातलेला फेविकॉल. इन्स्टंट ग्लूने दोरा ठिसूळ होतो आणि वर पांढुरकी झाक येते. सकाळच्या उजेडात रोज दीड तास, त्याहून जास्त कुणाकडून करून घेत नाही. दुपारनंतरच्या गाठी दुसऱ्या दिवशी कापाव्या लागतात.

कप्प्या चारशे ते पाचशे. 12 इंची कप्पी आमच्याकडे 3.2 मिलिमीटरची. हळदूच्या पट्टीला खाच पाडून, अर्ध्या मिलिमीटरचं भोक मारून तुकडे करतो आणि आतून पॉलिश पेपर लावलेल्या डब्यात घालून डबा ड्रिलवर फिरवतो, कडा गोल होतात. कप्पीचं भोक एका टोकाकडे असतं. ते टांगल्या टोकाकडे यायला हवं, कारण दोर चाकाच्या वरून जाऊन खाली ओढला जातो. उलटी लावलेली कप्पी माहितगार माणूस दारातूनच ओळखतो. ओढायचे दोर बांधताना डोलकाठीजवळचे आधी, कठड्यावरचे शेवटी; नाहीतर चिमटा आत जात नाही.

शिडं हा वादाचा विषय. मलमलसुद्धा या प्रमाणात सतरंजीइतकी जाड ठरते आणि मशीनची शिलाई हातभर लांब टाक्यांसारखी दिसते. आम्ही शिडं गुंडाळलेली दाखवतो आणि त्यासाठी शिडाच्या खऱ्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच कापड घेतो, नाहीतर यार्डवर, म्हणजे शिडाच्या आडव्या काठीवर, गादीची वळकटी दिसते. चहात रंगवण्याची पद्धत सोडली. आम्लामुळे कापड कुजतं.

गेल्या काही वर्षांत मराठी आरमाराच्या जहाजांची मागणी सर्वांत जास्त आहे. कोकणातली पारंपरिक बांधणी कागदी आराखड्याशिवाय, सुतारांच्या मापाने होत आली. त्यामुळे आधार घ्यावा लागतो तो वर्णनांचा. 18व्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने वर्णन केलेली गुराब, म्हणजे त्या आरमारातलं मोठं लढाऊ जहाज, बहुधा दोन डोलकाठ्यांची, क्वचित तीन. तीन डोलकाठ्यांची सुमारे 300 टनांची, दोनची दीडशेची. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात कमी बुडणारी, पुढे निमुळती होत गेलेली. गलबत 70 टनांच्या आतलं, वल्ह्यांवर चालणारं, मोठ्या त्रिकोणी शिडाचं. दोर इथे फार कमी, त्यामुळे काम सोपं वाटतं. प्रत्यक्षात कमी दोरांमागे काहीच लपत नाही. शिडाच्या लांब तिरक्या काठीला जाडीचा उतार चुकला तर ती काठी न वाटता बांबू वाटते. गिऱ्हाइकाला पाच डोलकाठ्या, तीस तोफा आणि सांगाड्याएवढा भगवा हवा असतो. भगवा आम्ही आनंदाने लावतो, प्रमाणात. पाटीवर मात्र "वर्णनांवरून केलेली पुनर्रचना" असं लिहितो. त्यावरून काही ऑर्डर गेल्या, त्या गेल्या.

माल पोचवणं हे वेगळंच खातं. कुरिअर बंद केलं. कण्यातून दोन स्क्रूने मॉडेल पाटाला, पाट खोक्याच्या तळाला, आणि ते खोकं फोम घातलेल्या मोठ्या खोक्यात. दोरांना काहीही टेकता कामा नये. फोमचा एक तुकडा सुटला तरी कसारा घाटाच्या वळणांत तो यार्ड मोडतो. काचपेटीच्या तळाला मागच्या बाजूने हवेची चार भोकं, त्यांवर बारीक जाळी.

प्रत्येक जहाजाबरोबर एक लिफाफा जातो. त्यात वापरलेल्या प्रत्येक जाडीचा एक-एक मीटर दोर, सहा कप्प्या, दोन डेडआय आणि कुठला दोर कुठल्या खुंटीला बांधला आहे त्याचा क्रमांकवार नकाशा. साफसफाई करताना पहिला तुटतो तो बहुधा नाळेवरच्या तिरक्या काठीचा दोर. तो नकाशात लाल शाईने काढलेला असतो.